माहेरचा रिकामा डबा

दिवाळी झाली की माझा भाऊ मला न्यायला यायचा आणि एकटाच परत जायचा. सात वर्षं हे असंच चाललं. माझं माहेर हिंगणघाटच्या पुढे, समुद्रपूरकडे. तिथून माझ्या सासरी आंजीला यायचं म्हणजे फाट्यापर्यंत बैलगाडी आणि मग तीन एसट्या. तो दुपारचा पोचायचा, पाय धुवायचा, चहा घ्यायचा आणि कपात बघत विचारायचा, "मंग ताई, येशीन का यंदा?"

"कशी येऊ?" मी म्हणायची. मग आम्ही दोघंही ओसरीतल्या खाटेकडे बघायचो. खाटेवर माझा मुलगा पडलेला असायचा आणि मामा आला म्हणून हसत असायचा.

जन्मापासून त्याचे हातपाय आखडलेले होते. मान सावरायची नाही, बसवलं की लवंडायचा, बोलणं नव्हतं. डॉक्टरांनी त्याच्या आजाराला एक लांबलचक इंग्रजी नाव दिलं होतं. ते मला कधी नीट म्हणता आलं नाही, आणि म्हणता आलं असतं तरी त्यानं घास लवकर गिळला नसता. एक वाटी वरणभात भरवायला पाऊण तास लागायचा. एकदा त्याला घेऊन माहेरी निघाले होते. बैलगाडीच्या हिसक्यांनी त्याचं अंग असं ताठलं की माहेरच्या दारात उतरायच्या ऐवजी वर्ध्याच्या दवाखान्यात जाऊन चार दिवस राहिलो. त्यानंतर ते धाडस केलं नाही.

मी स्वभावानं तापट. लहानपणापासून तशीच. माझा आवाज तीन घरं पलीकडे जातो असं सासूबाई म्हणायच्या, आणि ते खोटं नव्हतं. मुलाला भरवतानासुद्धा मी त्याच्याशी भांडायची. "मोठा पाटील लागून गेला तू. उघड तोंड. मले काय दुसरे धंदे नाईत का?" तो हसायचा, मी घास सारायची. दिवसातून तीनदा आमचं हे भांडण व्हायचं. त्याकडे कोणी लक्ष देत नव्हतं, मीही नाही.

दर दिवाळीला भाऊ येताना आईनं दिलेला पितळेचा कडीचा डबा आणायचा. त्यात करंज्या, चिवडा, अनारसे ठासून भरलेले असायचे. मी फराळ काढून घ्यायची, डबा घासून त्यात आमच्याकडचं काही घालायची आणि परत पाठवायची. मी गेले नाही तरी डबा जात-येत राहायचा.

सातव्या वर्षी भावानं डबा समोर ठेवला तेव्हा तो हलका वाटला. कडी काढली. आत काहीच नव्हतं.

"माय म्हणे, यंदा काई पाठवत नाई," भाऊ खाली मान घालून म्हणाला. "म्हणे, तिले सांगजो, इथं येऊन खा म्हणा."

मी त्याच्यावर एवढी भडकले की बिचारा चहा अर्धा टाकून उठला. आईला काय कळतं, तिला बसायला काय जातं, मी काय हौसेनं जात नाही का, असं वाटेल ते बोलले. तो गेल्यावर मात्र चुलीपुढे बसून रडले. राग आईचा नव्हता. मला जायचं होतं. सात वर्षांत मी एक दिवससुद्धा कोणाची लेक म्हणून जगले नव्हते, आणि ते आईनं रिकाम्या डब्यातून माझ्या तोंडावर सांगितलं होतं.

तो डबा मी फळीवर ठेवला आणि त्यात काही भरू दिलं नाही. सासूबाई एकदा लसूण भरायला निघाल्या तेव्हा मी तो हातातून काढून घेतला. त्यांनी लसूण परत सुपात टाकला.

तर प्रश्न एवढाच होता, की मुलाला आठ दिवस कोण सांभाळेल. नवऱ्याचा जीव होता लेकरावर, पण दिवाळीनंतर कापसाची वेचणी. माणूस दिवस दिवस शेतात. सासूबाईंच्या गुडघ्यांत जोर नव्हता, त्यांना सात वर्षांचं ताठ अंग उचलून कुशीवर वळवणं झेपणारं नव्हतं. मी सरकारी कचेरीत जाऊन विचारलं. तिथल्या साहेबानं चांगलं समजावून सांगितलं, ओरडला वगैरे नाही. म्हणाला, "बाई, मुलाला कायमचं ठेवायचं असेल तर संस्था आहेत, अर्ज करा. आठ दिवसांसाठी ठेवून घ्यायची सोय कुठं नाही."

म्हणजे लेकरू टाकायचं असेल तर जागा होती. टाकायचं नसेल आणि आईला जरा पाठ टेकायची असेल तर नव्हती. मी त्या साहेबाला हे तोंडावर बोलून दाखवलं. त्यानं पाणी प्यायला दिलं.

मुलाला दर मंगळवारी वर्ध्याच्या दवाखान्यात व्यायामासाठी न्यायची. व्यायामाच्या खोलीबाहेर एक लांब बाकडं होतं. त्यावर मांडीवर लेकरं आडवी घेऊन आम्ही आया बसलेल्या असायचो. माझ्या शेजारी बहुतेक पवनारची एक बाई असायची. तिची सहा वर्षांची मुलगी माझ्या मुलासारखीच. धाम नदीच्या काठी त्यांची भाजीची वाडी होती. बाई इतकी हळू बोलायची की तिचं ऐकायला वाकावं लागायचं. आश्रमाच्या गावात राहून हिनं मौनच धरलंय की काय, असं मी तिला चिडवायची. ती त्यावरही नुसती हसायची.

चैत्रातल्या एका मंगळवारी ती म्हणाली, "पुढल्या मंगळवारी मी नाई ताई. माह्याकडे पापडाची पाळी हाये."

उन्हाळ्यात आमच्याकडे पापड, शेवया, कुरडया कोणी एकटीनं करत नाही. आज आळीतल्या सगळ्या बाया पोळपाट-लाटणं घेऊन एकीच्या घरी, उद्या दुसरीच्या. सगळ्यांची पाळी येते आणि सगळ्यांचं काम होतं. मी घर सोडू शकत नव्हते, तर माझ्या पाळीला बाया आनंदानं यायच्या आणि त्यांच्या पाळीच्या पापडाच्या लाट्या मला घरी आणून द्यायच्या, की तू बसल्या बसल्या लाट. यात मला कधी काही विशेष वाटलं नव्हतं. त्या दिवशी मात्र डोक्यात काहीतरी खटकन बसलं.

"मी काय म्हणते," मी म्हटलं, "पापडाले बाया एकमेकींच्या घरी जातात. मंग लेकरासाठी काऊन नाई? तू माह्या लेकराले आठ दिवस ठेव. मी तुह्या पोरीले ठेवीन."

ती खाली मुलीकडे बघायला लागली. आत दोन लेकरांचे व्यायाम झाले, तरी तिची मान खालीच. मला वाटलं, दुखावली. मग ती आपल्या मुलीचे केस सारखे करत म्हणाली, "तिले आंघोळीले भेव वाटते. पाणी आधी पायावर टाका लागते."

एवढंच. पण मला कळलं की ती हो म्हणाली.

सासूबाईंनी घर डोक्यावर घेतलं. "आपलं लेकरू परक्याच्या दारी ठेवतं? लोकं काय म्हणतीन?" मी म्हटलं, लोकांनी येऊन एक दिवस भरवून दाखवावं, मग म्हणावं. पण मलाही धाकधूक होतीच. म्हणून आधी एका दिवसाची परीक्षा घ्यायचं ठरलं.

नवऱ्यानं मुलाला उचलून पवनारला पोचवलं आणि तो शेताकडे परतला. मी पवनारच्या बाईला सगळं सांगितलं. कोणत्या कुशीवर वळवायचं, वरणात मीठ किती, घास जिभेच्या कोणत्या बाजूला ठेवायचा, ताठला की गुडघ्यामागे हात कसा घालायचा. तासभर सांगितलं. मग वर्ध्याला आले आणि एसटी स्टँडवर बसले. हात मोकळे होते. इतके मोकळे की त्यांचं काय करावं कळेना. कधी मांडीवर ठेवले, कधी पदराशी चाळा केला. बाजारात जाऊन बांगड्या बघून आले. ठरलेल्या वेळेआधीच पवनारला निघाले.

ती दारातच उभी होती, डोळे लाल. सकाळपासून पोरानं तोंडच उघडलं नव्हतं. तिनं गोंजारलं होतं, गाणी म्हटली होती, चमचा ओठांना लावून बसली होती. दात घट्ट मिटलेले. एक घास पोटात नाही.

माझं डोकं फिरलं. भीतीनं फिरलं होतं, पण बाहेर आला तो रागच. "दिवसभर उपाशी ठेवलं अन् नुसती पाहून राह्यली? एवढीशी बाई, आवाज तरी काढ! काय समजून राह्यली तू?"

खाटेवरून हसण्याचा आवाज आला. बघते तर लेकराचा जबडा उघडा.

मग तिनं हळूच चमचा उचलला. "बोलत राहा ताई," ती म्हणाली. मी बोलत राहिले. काय बोलले ते आता आठवत नाही. वाडीतल्या वांग्यांना, एसटीला, सरकारी साहेबाला, सगळ्यांना शिव्या घातल्या असतील. त्यानं अख्खी वाटी संपवली.

मी तिला तासभर सगळं सांगितलं होतं आणि मुख्य गोष्ट सांगितली नव्हती, कारण ती मलाच माहीत नव्हती. माझ्या मुलाला रागावल्याशिवाय जेवण म्हणजे जेवणच वाटत नव्हतं. सात वर्षं माझ्या तोंडाचा पट्टा ऐकत त्यानं घास गिळले होते. कोणाच्या आईच्या हाताला चव असते म्हणतात, माझ्या तोंडाला होती.

पुढचे दोन महिने दर मंगळवारी बाकड्यावर मी तिला रागवायला शिकवलं. फार कठीण विद्यार्थिनी. पहिल्या दिवशी तिनं खूप जोर लावून माझ्या मुलाला सांगितलं, "तू... तू चांगला नाईस." तेही माफी मागितल्यासारखं. बाकड्यावरच्या साऱ्या आया तोंडाला पदर लावून हसत होत्या. घरी ती वाडीत शिरणाऱ्या शेळ्यांवर सराव करायची. आषाढापर्यंत तिच्या "उघड तोंड" ला मुलगा तोंड उघडायला लागला. त्या दिवशी व्यायामाच्या खोलीतली बाई दार उघडून बघून गेली, की भांडण कुणाचं चाललंय.

पहिली पाळी तिची आली. पोळा झाल्यावर तिची मुलगी चार दिवस आंजीला राहायला आली. मी तिला विचारलं, "कुठी जाशीन?"

"कुठीच नाई," ती म्हणाली. "झोपीन."

आता माझी परीक्षा होती. ती पोर मोठा आवाज ऐकला की थरथरायची. घरात मी एकदा गडीमाणसाला हाक मारली तर ती अर्धा तास रडली. म्हणून चार दिवस मी कुजबुजत बोलले. मुलाला जेवू घालताना त्याची खाट अंगणाच्या पार टोकाला न्यायची आणि दार लावून घ्यायची. तिसऱ्या दिवशी शेजारीण विचारायला आली की सूनबाईची तब्येत बरी आहे ना, जेवणाची वेळ सोडली तर आवाज नाही म्हणून. आंघोळीला पाणी आधी पायावर टाकलं. पोर रडली नाही.

सासूबाई पहिल्या दिवशी तिच्या जवळ गेल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी लांबून बघत होत्या. तिसऱ्या दिवशी मी विहिरीवरून पाणी घेऊन आले तर मुलीचं डोकं त्यांच्या मांडीवर आणि त्या खोबरेल तेलानं तिच्या वेण्या घालत होत्या. चौथ्या दिवशी तिची आई न्यायला आली. चार दिवस झोपलेली बाई. मी तिला पहिल्यांदाच नीट पाहिलं म्हणा ना. डोळ्यांखालची काळी वर्तुळं उतरली होती, गालावर रंग होता, आणि तिनं चक्क ऐकू येईल अशा आवाजात विचारलं, "त्रास तं नाई ना देल्ला?"

सासूबाई तिच्याकडे बघत होत्या. मग माझ्याकडे बघितलं, बराच वेळ. मुलगी गाडीत बसली तेव्हा त्यांनी तिच्या आईला विचारलं, "आता पुढच्या पाळीले कवा आणशीन?"

त्या दिवसानंतर लोकं काय म्हणतील हा विषय आमच्या घरात निघाला नाही.

दिवाळी आली. भाऊबीज झाली. भाऊ यायचा त्याच्या आदल्या दिवशीच मी मुलाला पवनारला ठेवून आले होते. दुपारी भाऊ आला, पाय धुतले, कप हातात घेतला, कपात बघत विचारलं, "मंग ताई, येशीन का यंदा?"

"तूच उशीर करून राह्यला," मी म्हटलं. "चहा संपव, येष्टी चुकन."

त्यानं मान वर केली. मी नवं लुगडं नेसून, पिशवी भरून, काखेत तो पितळेचा डबा घेऊन उभी होते. माझा भाऊ तिशीला आलेला, मिशा असलेला माणूस. त्याचे डोळे भरले, तसा मला राग आला आणि मी त्याला दटावलं. नाहीतर मीही तिथंच बसले असते.

आईनं दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि ताट वाढलं. मी जेवायला बसले. जरा वेळानं आई म्हणाली, "बाई, तुह्या ताटातलं काऊन कुस्करून राह्यली?" खाली बघितलं तर मी माझ्याच ताटातला भात वरणात कालवून, बोटांनी रगडून पार लगदा केला होता. सात वर्षांची सवय. आईनं ते ताट बाजूला सारलं, दुसरं घेतलं आणि त्यात गरम भाकरी, वांग्याची भाजी, अख्ख्या अख्ख्या करंज्या वाढल्या. मी खात होते आणि रडत होते, आणि दोन्ही मनसोक्त.

पाचव्या दिवशी पवनारहून पोस्टकार्ड आलं. बाईनं नवऱ्याकडून लिहून घेतलेलं. "लेकरू खुशाल आहे. दोन्ही वेळ जेवतो. माझ्या शिव्या संपल्या. दोन-चार लिहून पाठवणे." मी त्याच दिवशी उलट कार्ड टाकलं. उघड्या पोस्टकार्डावर असल्या शिव्या लिहून पाठवणारी माहेरवाशीण त्या पोस्टमननं बहुतेक पहिल्यांदाच पाहिली असेल. ते कार्ड मी परतल्यानंतर एका दिवसानं पवनारला पोचलं आणि पुढे बरीच वर्षं तिच्या देव्हाऱ्याशेजारी खोचलेलं होतं.

त्या बाकड्यावरच्या बाकी आयांनी हे सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं. पुढल्या उन्हाळ्यापर्यंत बोरगाव मेघेच्या एका कापडदुकानदाराची बायको आमच्यात आली, मग आणखी दोन घरं. कोणाच्या लेकराला काय लागतं ते आम्ही एकमेकींना बाकड्यावर शिकवायचो. एकाला रेडिओ लागायचा, एकीला खिडकी. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक आईला मी आधी विचारायची, "तू घरी याच्याशी कशी बोलतं ते मले करून दाखव." आमच्या या सोयीला ना नाव होतं ना पाटी. आम्ही पाळीच म्हणायचो. त्या कचेरीतल्या साहेबाला मी एकदा मुद्दाम जाऊन सांगून आले. त्यानं पुन्हा पाणी दिलं, पण या वेळी खुर्चीही दिली.

पण ते नंतरचं. आठवा दिवस उजाडला तेव्हा आईनं फळीवरून पितळेचा डबा काढला आणि करंज्या भरायला बसली. दोन थर झाले असतील. मी तिचा हात धरला.

"राहू दे माय."

"लेकरासाठी तरी ने."

"त्याच्यासाठी आन त्या पोरीसाठी बेसनाचे लाडू दे, पदरात नेईन. डबा नको भरू." मी करंज्या एकेक करून परत परातीत ठेवल्या. "पुढल्या दिवाळीले इथं येऊन खाईन."

आईनं डब्याला कडी लावली आणि तो माझ्या हातात दिला. बराच वेळ तिनं हात सोडला नाही.

पवनारला पोचले तर आतून आवाज येत होता, "उघडतं का नाई? मले काय दुसरे धंदे नाईत का?" मी अंगणातच थांबले. आवाज माझा नव्हता, पण शब्द न् शब्द माझा होता. मुलाचं अंग भरलं होतं. त्यानं माझ्याकडे बघितलं, मग तिच्या हातातल्या चमच्याकडे, आणि आधी घास घेतला. मला टोचलं, खोटं कशाला बोलू. आठ दिवस माझ्यावाचून त्याचं अडलं नाही याचं वाईट वाटलं, आणि त्याच दमात इतका आनंद झाला की मी तिथल्या तिथे त्या बाईच्या गळ्यात पडले. ती मला रागावली. म्हणाली, घास सांडला.

लाडू तिथेच अर्धे वाटले आणि मुलाला घेऊन आंजीला आलो. सासूबाईंनी नातवाला चाचपून बघितलं, समाधान झालं, मग माझ्या पिशवीकडे वळल्या. पितळेचा डबा काढून त्यांनी कडी उघडली. आत डोकावल्या.

"रिकामा?"

"हो," मी म्हटलं. "खाऊन आले."

सासूबाईंनी डबा पदरानं पुसला आणि होता तसाच, रिकामा, फळीवर ठेवून दिला.